एकविसाव्या वर्षाचे ध्येय, त्रेचाळिसाव्या वर्षाचे शरीर : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील गृहस्थ ४३ वर्षांचे आहेत. त्यांचे काम हिशेब तपासणीचे असून दिवसाचे आठ-नऊ तास ते खुर्चीत बसून असतात. महाविद्यालयात असताना ते ८०० आणि १५०० मीटर धावत असत आणि स्पर्धांमध्ये त्यांनी पदकेही मिळवली होती. नोकरी लागल्यावर सराव सुटला तो सुटलाच. मार्गदर्शनासाठी ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा रक्तदाब १३८/८८ होता, वजन महाविद्यालयीन काळापेक्षा १७ किलोने वाढले होते, आणि औषध सुरू करण्यापूर्वी काही महिने नियमित व्यायाम करून पाहावा असा सल्ला त्यांच्या डॉक्टरांनी दिला होता. हृदयाची तपासणी झालेली होती आणि व्यायामाला हरकत नसल्याचे डॉक्टरांनी लेखी कळवले होते. त्यांच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पहिल्याच भेटीत त्यांनी आपली अडचण एका वाक्यात सांगितली. "काय करायचं ते सगळं मला कळतं, पण मोटिव्हेशन टिकत नाही." व्यायामाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य असंख्य वेळा ऐकलेले असते, आणि त्यावर उपाय म्हणून बहुधा उत्साह वाढवणारी भाषणे, नवे अॅप किंवा आणखी कडक वेळापत्रक दिले जाते. या गृहस्थांच्या बाबतीत हे सगळे आधीच करून झाले होते. त्यामुळे पहिल्या दोन भेटींत मी त्यांना कोणताही व्यायाम सांगितला नाही. पूर्वीचे प्रयत्न कसे सुरू झाले आणि नेमके कोणत्या दिवशी, कशाने थांबले, एवढेच आम्ही तपशिलाने पाहिले.

आधीचे तीन प्रयत्न

गेल्या पाच वर्षांत त्यांनी तीनदा व्यायाम सुरू केला होता. त्यांपैकी पहिला प्रयत्न सर्वांत बोलका आहे. त्या वेळी त्यांनी महाविद्यालयातली सरावाची वही शोधून काढली होती. ती त्यांनी मलाही आणून दाखवली. रेघी पानांवर निळ्या शाईने तारीखवार नोंदी होत्या. '६ × ४०० मीटर, ७० सेकंद, मध्ये दीड मिनिट विश्रांती' अशी एक ओळ, तिच्याखाली प्रत्येक फेरीची वेळ, आणि समासात प्रशिक्षकांनी बारीक अक्षरात लिहिलेला शेरा. या वहीतला एक आठवडा त्यांनी जसाच्या तसा पुन्हा करायला घेतला. पूर्वीचा वेग जमणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून वेळेत त्यांनी सूट घेतली. फेऱ्यांची संख्या, विश्रांती आणि आठवड्यातले दिवस मात्र तेच ठेवले. पहिल्या दिवशी चौथ्या फेरीनंतर ते थांबले तेव्हा स्टॉपवॉचवर १०८ सेकंद दिसत होते. "तो आकडा बघून मला लाज वाटली," असे त्यांनी सांगितले. तरीही ते जवळजवळ महिनाभर नेटाने धावले. चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले, जिना उतरताना कळ येऊ लागली आणि धावणे थांबले. दुखणे पुढे बरे झाले, पण धावणे पुन्हा सुरू झाले नाही.

शरीराच्या दृष्टीने यात आश्चर्य काहीच नाही. ज्याने तरुणपणी कसून सराव केला आहे त्याला धावण्याचे तंत्र आणि दम रेटून नेण्याची सवय आठवत असते, आणि बैठ्या आयुष्यानंतरही हृदय आणि स्नायू काही आठवड्यांतच व्यायामाला प्रतिसाद देऊ लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांना मात्र नव्या ताणाशी जुळवून घेण्यास बराच अधिक काळ लागतो. दम पुरतो आहे म्हणून वाढवत नेलेला सराव अशा वेळी नडगीवर किंवा टाचेवर येतो. पूर्वीच्या खेळाडूंना ही इजा अनेकदा होते, कारण नवख्या माणसाला थांबवणारी भीती त्यांच्याजवळ नसते.

मनाच्या दृष्टीने जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात स्वयंनिर्णयाचा सिद्धांत मांडला. त्यानुसार माणूस एखादी गोष्ट आपणहून धरून ठेवतो ती तीन मानसिक गरजा भागत असल्या तर : ही निवड माझी आहे असे वाटणे, हे मला जमते आहे असे वाटणे, आणि या कामात आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत असे वाटणे. या गृहस्थांची दुसरी गरज प्रत्येक सरावात पायदळी तुडवली जात होती. ४३ वर्षांच्या, वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाने ४०० मीटर अंतर धावून पूर्ण करणे ही चांगलीच सुरुवात होती. परंतु त्यांचा प्रतिस्पर्धी वहीत बसलेला एक २१ वर्षांचा तरुण होता आणि तो दर खेपेला ३८ सेकंदांनी जिंकत होता. रोज हरण्यासाठी रोज बूट बांधायचे, हे फार काळ कोणीही करत नाही. त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा प्रयत्न त्यांच्या कार्यालयातील पावले मोजण्याच्या स्पर्धेमुळे झाला. दिवसाला १०,००० पावले चालणाऱ्यांना गुण आणि महिन्याच्या शेवटी बक्षीस अशी ती योजना होती. स्पर्धा चालू असेपर्यंत ते चालले आणि ती संपली त्याच आठवड्यात चालणेही संपले. डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची येथे आठवण होते. त्यात कोडी सोडवण्यासाठी पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांनी, पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी लक्ष दिले होते. बक्षिसाने माणूस हलतो हे खरे. मात्र आपण बक्षिसासाठी हललो ही समजूतही त्याच्या मनात राहते. १०,००० या आकड्याबद्दलही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तो कोणत्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नसून १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावलमापकाच्या नावातून रूढ झाला. या गृहस्थांना ७,००० पावले झालेल्या दिवशी अपयश आल्यासारखे वाटे, आणि त्याला खरे तर काहीच आधार नव्हता.

तिसरा प्रयत्न जिममधला. २१ दिवसांत सवय लागते असे त्यांनी कोठेतरी ऐकले होते, म्हणून २१ दिवस एकही खाडा न करण्याचा त्यांनी निश्चय केला. सतराव्या दिवशी वार्षिक हिशेबाचे काम रात्री उशिरापर्यंत चालले आणि खाडा झाला. त्यानंतर ते जिमला गेले नाहीत. वर्षाचे शुल्क भरलेले होते, तरीही नाही.

मापपट्टीवरचे दोन आकडे

तिसऱ्या भेटीत मी त्यांना दोन प्रश्न विचारले. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेल्या प्रेरक मुलाखतीच्या पद्धतीत, म्हणजे बदलाची कारणे माणसाच्या स्वतःच्याच तोंडून पुढे यावीत अशा संवादाच्या पद्धतीत, ते नेहमी विचारले जातात. व्यायाम करणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, ते शून्य ते दहा या मापात सांगा. आणि तो तुम्हाला जमेल याची खात्री किती वाटते, तेही त्याच मापात सांगा. महत्त्वाला त्यांनी नऊ गुण दिले आणि खात्रीला तीन.

या दोन आकड्यांमधले अंतर पाहिल्यावर पुढचे काम बरेच स्पष्ट झाले. आसपासचे सगळे, म्हणजे डॉक्टर, पत्नी, कार्यालयातले सहकारी, नऊचे दहा करण्यासाठी झटत होते. व्यायामाचे फायदे, न केल्यास होणारे आजार, कोणाला कमी वयात आलेला हृदयविकाराचा झटका, हे सारे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवले जात होते. ते सर्व त्यांना पाठ होते. उणीव तीनमध्ये होती.

याच पद्धतीत पुढचा प्रश्न कसा विचारायचा याला फार महत्त्व आहे. "तीनच का, नऊ का नाही?" असे विचारले तर माणूस आपल्या अपयशांची यादी वाचू लागतो आणि ती वाचता वाचता त्याची खात्री आणखी घटते. म्हणून मी विचारले, "तीन का, शून्य का नाही?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की, दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले होते आणि रोज चालायला हवे असे शल्यचिकित्सकांनी बजावले होते; वडील एकटे बाहेर पडायला घाबरत, म्हणून संध्याकाळी कामावरून आल्यावर हे त्यांना घेऊन निघत. सुरुवातीला फाटकापर्यंत आणि परत, एवढेच. मग रस्त्याच्या टोकापर्यंत. चौथ्या महिन्यात दोघे चाळीस मिनिटे चालत होते. त्यानंतर वडिलांना समवयस्कांची सोबत मिळाली आणि यांचे जाणे थांबले.

"म्हणजे चार महिने तुम्ही रोज चाललात," असे मी म्हटले.

"बाबांना फिरवून आणायचो. त्याला काय व्यायाम म्हणायचं?"

संपूर्ण प्रकरणाची किल्ली या उत्तरात आहे, असे माझे मत आहे. ज्या माणसाला काहीही टिकत नाही अशी स्वतःबद्दल खात्री झाली होती, त्याने चार महिने, कामाच्या ताणातही, क्वचितच खाडा करत चालणे टिकवले होते. त्याने ते मोजले नव्हते, त्याला नाव दिले नव्हते आणि म्हणून ते जमेला धरले नव्हते. घड्याळ नव्हते, कारण वेग वडिलांच्या गुडघ्याने ठरत होता. एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी निघायचेच असे, कारण गुडघा अपराधीपणाची वाट पाहत थांबत नाही. शिवाय सोबत होती. डेसी आणि रायन यांनी सांगितलेल्या तिन्ही गरजा तेथे नकळत भागत होत्या, आणि त्यासाठी कोणाचेही भाषण ऐकावे लागले नव्हते.

कारणाचा शोध

वडिलांना आता त्यांची गरज नव्हती, त्यामुळे तोच कार्यक्रम पुन्हा चालू करणे शक्य नव्हते. त्या चार महिन्यांत त्यांना स्वतःला काय मिळत होते, हे शोधणे भाग होते.

फिट का व्हायचे आहे, या प्रश्नाला त्यांची पहिली उत्तरे रक्तदाब, वजन, पोट आणि 'पूर्वीसारखं होणं' अशी होती. यातले एकही कारण चुकीचे नाही. पण पहिल्या तिन्हींचे फळ काही महिन्यांनी, तेही आकड्यात दिसते, आणि चौथ्याचे तर कधीच दिसत नाही. मिशेल सीगर यांनी मध्यम वयातील स्त्रियांच्या व्यायामाचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की, वजन आणि शरीराचा आकार यांसाठी व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपेक्षा, मनावरचा ताण हलका व्हावा आणि बरे वाटावे म्हणून व्यायाम करणाऱ्या स्त्रिया प्रत्यक्षात अधिक व्यायाम करत होत्या. मला यात मोठा व्यवहारी अर्थ दिसतो. आजाराची भीती माणसाला जिमच्या दारापर्यंत आणते, परंतु सहाव्या आठवड्यात, थकलेल्या संध्याकाळी, ती कामी येत नाही. त्या वेळी आजच्या आज काय मिळणार आहे, हे ठाऊक असावे लागते.

म्हणून मी विचारले की, वडिलांबरोबर चालत होता त्या दिवसांतल्या संध्याकाळी कशा जात. त्यांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले : "घरी आल्यावर माणसात असायचो." एरवी काय होते, तेही त्यांनी सांगितले. दिवसभर आकडे तपासून घरी आले की ते मोबाइल घेऊन बसतात, मुलीने काही विचारले तर एका शब्दात उत्तर देतात, जेवताना कामाचेच विचार चालू असतात आणि रात्री झोप लवकर लागत नाही. चालून आलेल्या संध्याकाळी असे होत नसे. हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते असे नाही, पण व्यायामाचे 'कारण' म्हणून इतकी साधी गोष्ट चालते असे त्यांना वाटले नव्हते. खेळाडूचे कारण वेळेत आणि पदकात असते, ही जुनी समजूत अजून गेलेली नव्हती.

आम्ही तेच कारण धरले. पूर्वीच्या वहीऐवजी एक कोरी वही घेतली. तीत अंतर, वेळ, वेग, वजन यांतले काहीही लिहायचे नाही. व्यायामाच्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वी 'आजची संध्याकाळ कशी गेली' याची एकच ओळ लिहायची, असे ठरले. न चाललेल्या दिवशीही लिहिले तर उत्तम, म्हणजे फरक स्वतःच्याच अक्षरात समोर राहील.

आखणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. आमची सुरुवात मात्र आठवड्यातून तीन दिवस २५ मिनिटांच्या चालण्याने झाली, म्हणजे शिफारशीच्या निम्म्यावर. हे त्यांना पसंत नव्हते. "एवढ्याने काय होणार?" असे त्यांनी विचारले. पहिले दोन महिने शरीर घडवण्यासाठी नसून खात्रीचा आकडा तीनवरून वर नेण्यासाठी आहेत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्या सूचनांमध्येही थोडी हालचाल अजिबात न करण्यापेक्षा बरी, असे म्हटले आहे.

वेगाची मर्यादा बोलण्याच्या कसोटीने ठरवली. चालताना सलग वाक्ये बोलता आली पाहिजेत, गाणे म्हणता येणार नाही इतपतच दम लागावा. ही मर्यादा केवळ सुरक्षिततेसाठी नव्हती. व्यायामाची तीव्रता एका पातळीच्या वर गेली, श्वास जड होऊ लागला, की बहुतेकांना व्यायाम करतानाच अप्रिय वाटू लागते. आणि डेव्हिड विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्यम श्रमाचा व्यायाम करताना ज्यांना अधिक बरे वाटले त्यांनी सहा आणि बारा महिन्यांनंतरही अधिक हालचाल केल्याचे आढळले होते. त्रास झाला म्हणजेच व्यायाम झाला, या समजुतीवर वाढलेल्या जुन्या धावपटूला हे पचणे सर्वांत कठीण गेले. पहिले दोन आठवडे ते जवळजवळ रागाने हळू चालत होते.

कधी चालायचे, हा प्रश्न आम्ही त्यांच्या मनःस्थितीवर सोडला नाही. पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेली जर-तर पद्धतीची आखणी येथे वापरली : 'सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी कामावरून निघालो, तर घरात शिरण्यापूर्वी चालून येईन.' घरात शिरण्यापूर्वी, यावर सगळा भर होता, कारण एकदा सोफ्यावर बसले की उठणे होत नाही हे त्यांनीच सांगितले होते. चालण्याचे बूट कार्यालयातल्या टेबलाखाली ठेवले गेले. अगदीच वाईट दिवसासाठी दहा मिनिटांची पर्यायी फेरी ठरवली आणि तीही पूर्ण हजेरी म्हणून धरायची, हे लेखी नोंदवले.

आणखी एक बदल घरात करावा लागला. त्यांच्या पत्नी अत्यंत आपुलकीने रोज विचारत, "आज गेला नाहीस का?" या प्रश्नाने व्यायाम ही त्यांची निवड न राहता हजेरी देण्याची बाब होत असे, आणि न गेलेल्या दिवशी खोटे कारण सांगावेसे वाटे. पत्नीलाही एका भेटीला बोलावले. त्यांनी तो प्रश्न थांबवला आणि त्याऐवजी शनिवारी सकाळी वाटल्यास बरोबर चालायला येण्याची तयारी दाखवली. मदत आणि देखरेख यांतला हा फरक घरच्यांच्या लक्षात आणून देणे हे मार्गदर्शकाचे काम आहे, आणि ते वारंवार राहून जाते असे मला वाटते.

दुसऱ्या महिन्यात चालण्याला आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचे ताकदीचे व्यायाम जोडले : खुर्चीवर बसून उठणे, भिंतीला हात टेकून जोर, पायरीवर चढ-उतार आणि टाचा उचलणे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस शनिवार धरून चालणे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोहोचले.

खंड पडला तेव्हा

चौथ्या महिन्यात वार्षिक हिशेबाचे दिवस आले. गेल्या खेपेला याच कामाने जिम सुटली होती, त्यामुळे हा काळ येणार हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याची तयारी आधीच केली होती. दहा मिनिटांची फेरी तरी होईल अशी अपेक्षा होती. तीही झाली नाही. सलग अकरा दिवस ते अजिबात चालले नाहीत.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लट यांनी एका घटनाक्रमाचे वर्णन केले आहे. माणूस पूर्ण पाळणुकीचा नियम स्वतःवर घालतो, तो एकदा मोडतो, मोडण्याचे कारण परिस्थितीत न शोधता स्वतःच्या स्वभावात शोधतो, आणि मग 'आता मोडलाच आहे' म्हणून सगळेच सोडून देतो. जिमच्या सतराव्या दिवशी हेच घडले होते. त्यामुळे खंड पडण्यापूर्वीच आम्ही दोन गोष्टी केल्या होत्या. एक म्हणजे, २१ दिवसांची समजूत दूर केली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती सवयीची होण्यास लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. त्याचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून अधिक काळ लागला तो आकडा, ६६ दिवस होता, आणि एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा आली नाही असेही त्यांना आढळले. दुसरी गोष्ट म्हणजे, खंड पडल्यास परत कसे यायचे हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. त्यात भरपाईला मनाई होती. परतल्यावर पहिला दिवस दहा मिनिटांचा, पुढचा आठवडा नेहमीपेक्षा कमी, आणि गेलेल्या दिवसांबद्दल एक शब्दही लिहायचा नाही.

बाराव्या दिवशी ते दहा मिनिटे चालून आले. वहीतली त्या रात्रीची ओळ 'पाय जड, पण मुलीशी बोललो' अशी आहे. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत निर्णायक दिवस हाच. पहिल्या तीन महिन्यांतली सलग हजेरी समाधानाची होती, तरी तशी हजेरी त्यांनी पूर्वी स्पर्धेच्या काळातही दिली होती. खंडानंतर, कोणी न सांगता, परत येणे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

स्टॉपवॉच पुन्हा

सातव्या महिन्यात महाविद्यालयातला जुना सहधावक भेटला आणि दोघांनी १० किलोमीटरच्या एका शर्यतीत नाव नोंदवले. तोपर्यंत ते शनिवारी चालण्यात थोडे धावणे मिसळू लागले होते. नाव नोंदवताच त्यांनी ५० मिनिटांचे लक्ष्य ठरवले आणि स्टॉपवॉच बाहेर निघाले. पुढचे तीन आठवडे वहीत संध्याकाळच्या ओळी नाहीत. तेथे वेळा आहेत, आणि वेळांच्या मध्ये 'फार हळू' असा एक शब्दसमूह तीनदा आला आहे. बुधवार-शुक्रवारचे चालणे 'हा काही सराव नव्हे' म्हणून गळले. पोटरी धरू लागली.

ध्येय ठेवणे वाईट, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाने स्पष्ट आणि आव्हानात्मक ध्येयांचा उपयोग भरपूर सिद्ध केला आहे. मात्र काम नवे असेल, कौशल्य अजून हाती आलेले नसेल, तेव्हा निकालाच्या ध्येयापेक्षा शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते, हेही त्याच संशोधनातून पुढे आले आहे. जुन्या खेळाडूला आपले काम नवे आहे हे पटत नाही, ही येथली खरी गोम होती. त्रेचाळिसाव्या वर्षी धावणे त्यांच्यासाठी नवेच होते.

मी शर्यत सोडायला सांगितली नाही. ही निवड त्यांची होती, आणि ती काढून घेतली असती तर पत्नीच्या प्रश्नाची जागा माझ्या प्रश्नाने घेतली असती. वहीतली आधीची पाने आणि या तीन आठवड्यांची पाने त्यांनी सलग वाचावीत, एवढेच सुचवले. दोन दिवसांनी त्यांनी कळवले की, शर्यतीत भाग घेणार, वेळेचे लक्ष्य काढून टाकले आहे आणि आठवड्यातले चालणे पुन्हा सुरू केले आहे. शर्यतीच्या दिवशी पोटरी आखडल्यामुळे शेवटचे तीन किलोमीटर त्यांना चालावे लागले. त्यांना वाईट वाटले, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. पण पुढच्या सोमवारी ते नेहमीप्रमाणे कामावरून परस्पर चालायला गेले.

चौदा महिन्यांनंतर

आज त्यांचे चालणे आठवड्यातून चार दिवस चालू आहे, एका दिवशी त्यात वीसेक मिनिटांचे सावकाश धावणे असते. रक्तदाब गेल्या काही तपासण्यांत १२६/८० च्या आसपास राहिला आहे आणि डॉक्टरांनी औषध तूर्त पुढे ढकलले आहे. वजन केवळ साडेतीन किलोने उतरले आहे. वजन हेच ध्येय ठेवले असते तर चौदा महिन्यांत साडेतीन किलो या आकड्याने त्यांनी केव्हाच हार मानली असती, असे मला वाटते. खात्रीच्या मापपट्टीवर ते आता स्वतःला सात गुण देतात.

जे साधलेले नाही तेही नोंदवायला हवे. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा ठरले होते. ते आता कसेबसे एकदा होतात आणि कित्येक आठवडे होतच नाहीत. वेळ नाही हे त्यांचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण चालण्यासाठी ते त्याच दिवसातून वेळ काढतात. ताकदीच्या व्यायामाचे कारण अजून माझे आणि मार्गदर्शक सूचनांचे आहे, ते त्यांचे झालेले नाही. चालून आल्यावर संध्याकाळ बदलते हे त्यांना त्याच दिवशी कळते. खुर्चीवरून वीस वेळा उठून मात्र त्या दिवशी काहीच कळत नाही. चाळिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटत जाते ही माहिती त्यांना आहे, परंतु माहितीने त्यांचे काय होते ते आपण पाहिलेच आहे.

गेल्या भेटीत वडिलांचा विषय पुन्हा निघाला. त्यांचा दुसरा गुडघाही आता दुखू लागला आहे, सखल खुर्चीतून उठताना त्यांना आधार द्यावा लागतो आणि तो देताना यांच्या स्वतःच्या कंबरेत उसण भरते, असे ते बोलता बोलता सांगून गेले. मी त्यावर काही सुचवले नाही. दोन आठवड्यांनी आमची पुढची भेट आहे; तोपर्यंत वडिलांना उठवताना आपल्या शरीराचा कोणता भाग कमी पडतो, याची नोंद वहीत करावी असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे.